रेडियमच्या आकड्यासोबत डबा किती दिवस बंद होता तेही छापा

महोदय,

माती, वाळू किंवा फ्लाय अ‍ॅशच्या विटांत ‘किलोमागे इतके बेकरेल रेडियम’ सापडल्याची बातमी येते (बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन), तेव्हा मोजणीआधी नमुन्याचा डबा किती दिवस हवाबंद होता, हे त्यात सहसा नसते. ते कळल्याशिवाय आकडा पारखताच येत नाही.

रेडियम-२२६ ची स्वतःची ठळक गॅमा रेषा, म्हणजे ठरावीक ऊर्जेच्या किरणांची खूण, एकच, १८६ केईव्हीची (केईव्ही हे ऊर्जेचे एकक). नेमकी तिथेच युरेनियम-२३५ चीही रेषा येते आणि ऊर्जा बारकाईने ओळखणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरलाही त्या दोन वेगळ्या करता येत नाहीत. नैसर्गिक युरेनियम समतोलात असेल, म्हणजे रेडियमची किरणोत्सारिता मूळ युरेनियम-२३८ इतकीच असेल, तर नोंदीत त्या रेषेच्या जागी दिसणाऱ्या शिखरातला जेमतेम ५७ टक्के भाग रेडियमचा. म्हणून रेडियम मोजतात ते त्याच्या विघटनातून तयार होणाऱ्या पुढच्या पिढ्यांवरून: शिसे-२१४ (२९५, ३५२ केईव्ही) आणि बिस्मथ-२१४ (६०९, १७६४).

मधली पिढी मात्र रेडॉन-२२२, म्हणजे वायू. नमुना ११० अंशांवर वाळवताना, दळताना, चाळताना तो निसटतो आणि पुढच्या पिढ्या कमी पडतात. त्याचे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित होण्याचा काळ) ३.८२ दिवस. डबा बंद केल्यावर एका दिवसात तुटीचा सहावा हिस्साच भरून निघतो. २१ दिवसांनी सुमारे ९८ टक्के, चार आठवड्यांनी ९९ च्या वर. पाव रेडॉन मातीबाहेर पडत असेल आणि डबा गळका असेल, तर ४०० बेकरेलचे रेडियम ३०० दिसते. बांधकाम साहित्यासाठी सर्रास वापरली जाणारी रेडियम-समतुल्य (रेडियम, थोरियम व पोटॅशियम यांची एकत्रित मोजणी) मर्यादा किलोमागे ३७० बेकरेल आहे, हे लक्षात घ्यावे.

झिपची पातळ पिशवी रेडॉन धरत नाही. जाड भिंतीचा डबा आणि इपॉक्सीने बसवलेले झाकण हवे. डबा काठोकाठ भरावा. वर पोकळी राहिली की रेडॉन तिथे साठतो, बिस्मथ झाकणाखाली तयार होतो आणि प्रमाण (किरणोत्सार आधीच माहीत असलेल्या) नमुन्यावरून काढलेली डिटेक्टरची कार्यक्षमता लागू पडत नाही.

थोरियमच्या साखळीत रेडॉन-२२० चे अर्धायुष्य ५६ सेकंदच असल्याने इतकी वाट पाहावी लागत नाही. मात्र थॅलियम-२०८ चे ५८३ चे शिखर वापरताना ३५.९ टक्क्यांची शाखा (साखळीतली तेवढीच विघटने थॅलियममार्गे जातात) हिशेबात धरली नाही, तर थोरियम तिसरा हिस्साच भरते.

प्रयोगशाळेच्या हवेतला रेडॉनही दिवसभरात कमीजास्त होतो. शिशाच्या कवचात द्रव नायट्रोजनची वाफ सोडून ती हवा बाहेर ढकलावी आणि पार्श्वभूमी, म्हणजे नमुन्याशिवायही होणारी नोंद, तसाच रिकामा डबा ठेवून, तितकाच वेळ मोजावी.

— किरणोत्सार मापनाच्या क्षेत्रातील काही वाचक, मुंबई