पुसलेल्या फिती, वाचलेली गाणी

महोदय,

बीटल्सच्या तबकड्यांबद्दल सगळे बोलतात, त्यांच्या बीबीसी रेडिओवरच्या गाण्यांबद्दल फारसं कुणी नाही. १९६२ ते १९६५ या काळात तिथे त्यांनी ८८ वेगवेगळी गाणी सादर केली; त्यातली ३६ त्या काळी त्यांच्या एकाही तबकडीवर नव्हती! रेडिओवर तबकड्या वाजवण्याच्या वेळेवर तेव्हा बंधन होतं, म्हणून कलाकारांकडून स्टुडिओत वाजवून घेत. पुढे बऱ्याच फिती पुसल्या गेल्या, याची फार हळहळ वाटते. काही गाणी उरली ती श्रोत्यांनी घरी रेडिओवरून टेप करून ठेवली म्हणूनच. या रेडिओवरच्या गाण्यांच्या १९९४ साली निघालेल्या संचात मधूनच खरखर येते, निवेदकाशी चाललेली थट्टामस्करी ऐकू येते. मला तो आवाज फार जवळचा वाटतो. जुन्या टेप घरात असतील, तर कृपया रद्दीत टाकू नका.

– एक रेडिओप्रेमी वाचक, पुणे