तिकिटं काढून झाली आहेत

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई "बरं, बघू" म्हणाली असती आणि बाबांनी फोन ठेवल्या ठेवल्या हिशेबाची वही काढली असती. म्हणून लिहितेय. जानेवारीतल्या क्रूझची तुम्हा दोघांची तिकिटं मी काढली आहेत. मुंबईहून निघायचं आणि लक्षद्वीप करून परत मुंबईलाच उतरायचं. पैसे भरून झालेत, आणि आता रद्द केलं तर बरेचसे बुडतात. हे शेवटचं वाक्य खास बाबांसाठी.

आम्ही कुणी येत नाही आहोत. मुलांची शाळा आहे, माझी रजा संपलीय, ह्यांच्या ऑफिसात ऑडिट आहे. ही सगळी कारणं खरी आहेत, पण ती नसती तरी मी आले नसते. राग मानू नका. तुम्ही आजवर जिथे गेलात तिथे कुणाला तरी सांभाळायलाच गेलात. शेगावला आजी, रामेश्वरला मोठे काका-काकू आणि त्यांचा तो तांब्याचा गडू, पुण्याला माझी दोन्ही बाळंतपणं. 2003 ची एलटीसी, नोकरीतली ती प्रवासाची सवलत, तशीच गेली, का गेली ते आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. आम्ही सोबत असतो तर आई धाकटीमागे ताट घेऊन डेकभर फिरली असती आणि बाबा दर तासाला आमच्या बॅगा मोजत बसले असते. यावेळी फक्त आपल्या दोनच बॅगा मोजायच्या.

"काऊन एवढे पैसे घालवून राहिली?" हे मला आत्ताच ऐकू येतंय. बाबा, राहणं, दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता, प्रवास सगळं त्यातच आलं. आणि दिवाळीत बांगड्या करायच्या होत्या त्या मी नाही केल्या. त्या केल्या असत्या तर तुम्ही शाबासकी दिली असती, मग याला का नाही?

खोली मुद्दामच खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर घेतली आहे. गॅलरीवाली महाग होती हेही खरं, पण मुख्य कारण आईची उलटी. अंबाझरी बागेतल्या सी-सॉवर मला टोकाला बसवून बाबा मध्ये उभे राहायचे आणि मी वरखाली व्हायचे, ते मात्र जागचे हलायचे नाहीत. जहाजाचंही तसंच, टोकं झुलतात, मध्य कमी झुलतो. खोलीला खिडकी आहे, पण ती उघडत नाही. आई, आधीच सांगते, नाहीतर पहिल्या दिवशी तीच उघडायच्या मागे लागशील. तरीही मळमळलं तर खोलीत बसून राहू नकोस, वर मोकळ्या हवेत ये आणि लांब जिथे आकाश-पाणी मिळतं तिकडे बघत राहा. आलेपाक जवळ ठेव. जानेवारीत अरबी समुद्र तसा शांतच असतो, पावसाळ्यातला तो समुद्र वेगळा.

बाबा, तुम्ही मात्र दुकानातून उलटीची अ‍ॅव्होमिन आणून परस्पर घ्यायची नाही. लघवीच्या त्रासात तसल्या गोळ्यांनी लघवी अडू शकते. डॉक्टरांना विचारा, स्टेंटच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहूनच घ्या आणि तिचा फोटो मला पाठवा. विचारलं असं नुसतं सांगू नका, मी दवाखान्यात फोन करणार आहे.

जेवणाची काळजी सोडा. शाकाहारी वेगळं असतं, जैनसुद्धा मिळतं. आईला वाटतंय तसं सगळीकडे मासळीचा वास नसतो. सांबारवडी आणि तर्री-पोहे नाही मिळणार, चहाही गरम पाण्यात पिशवी बुडवलेला, तेव्हा बाबांनी पहिल्या दिवशी तोंड वाकडं करून घ्यावं आणि मग विषय संपवावा. घरचे डबे आत नेऊ देत नाहीत, म्हणून चिवडा भाजायला घेऊ नकोस. किटली, इस्त्री, एक्स्टेन्शनची वायरही चालत नाही, आगीची भीती असते. रिकामा स्टीलचा थर्मास न्या, गरम पाणी मिळतं. गुडघा शेकायची रबरी पिशवी मी नवी घेऊन ठेवलीय. प्रवासात संकष्टी येतेय, मी पंचांगात पाहिलं. साबुदाण्याचं आदल्या दिवशी सांगून बघा, नाहीतर फळं असतातच. आणि चंद्र बघायला गच्चीवर जाऊन समोरच्या बिल्डिंगमागून तो कधी निघतो याची वाट बघावी लागणार नाही.

गेल्या वर्षी ऑफिसच्या मंडळींबरोबर मी गोव्यापर्यंत गेले होते. पहाटे झोप उडाली म्हणून वर गेले. दोन पोरं पाइप धरून डेक धूत होती. कठड्यावर हात ठेवला तर तळवा दमट, चिकट, जिभेला लावला तर खारट. समोर तुमच्याच वयाचं जोडपं बसलं होतं. काकांच्या डोक्यावर माकडटोपी, काकूंच्या पायात मोजे आणि त्यावर चप्पल. एकाच कपातला चहा दोघं आळीपाळीने पीत होती. किती वेळ, काही बोलणं नाही. काकू मध्येच पाण्याकडे बोट दाखवायच्या, काका मान हलवायचे. मला तिथेच रडू आलं. बाबा, तुम्ही चाराला उठता आणि आई उठेपर्यंत अंधारात खुर्चीवर बसून राहता, ते आठवलं. तिथे असं बसून राहावं लागणार नाही, डेकवर हव्या तितक्या फेऱ्या मारा. सूर्य जाताना डाव्या हाताला उगवतो, येताना उजव्या. हे तुम्ही विचारणारच होतात.

लक्षद्वीपला जहाज किनाऱ्याला लागत नाही. बेटाभोवती पोवळ्यांचा खडक आणि आत उथळ पाणी, म्हणून जहाज बाहेर उभं राहतं आणि लहान बोटीतून नेतात. त्या बोटीत पाय टाकताना ती वरखाली होते. तिथली माणसं हात धरतात, तो धरू द्या, बाबा, मानापमान करू नका. आई, गुडघा कुरकुरला तर उतरू नकोस, खरंच. सगळे बेटावर गेले की जहाज रिकामं होतं, तेव्हा हव्या त्या खुर्चीवर बस. पण उतरलीस तर पाण्यात घोट्यापर्यंत तरी उभी राहा, माझ्यासाठी.

आता नीट वाचा. मुंबईला एक दिवस आधीच पोचायचं. दुरांतो कधी वेळेवर येते, कधी येत नाही, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. खालचे दोन्ही बर्थ मिळालेत. रात्री दादरला मावशीकडे. दुसऱ्या दिवशी मी पुण्याहून येऊन बॅलार्ड पिअरच्या दारापर्यंत सोडीन, आत आम्हाला येऊ देत नाहीत. मोठ्या बॅगा दारातच घेतात आणि खोलीवर उशिरा पोचवतात, म्हणून औषधं, चष्मे, एक जोडी कपडे आणि आईची शाल खांद्यावरच्या पिशवीत. सुरुवातीला सगळ्यांची संकटात कसं वागायचं याची कवायत घेतात, भोंगा सात वेळा आखूड आणि एकदा लांब वाजतो. घाबरायचं नाही आणि "आपल्याला कशाला" म्हणून खोलीत बसायचंही नाही. ती सगळ्यांना सक्तीची असते.

निघताना दोघांचे फोन विमान मोडवर टाका. समुद्रात ते उपग्रहाच्या नेटवर्कला चिकटतात आणि बिल असं येतं की बाबांना तिथेच दुसरा स्टेंट लागेल. (बरं, हा विनोद नको होता, खोडत नाही.) माझ्याशी बोलणं झालं नाही तर मी काळजी करणार नाही. करीन, पण चालेल. खोलीचं कार्डच पैशांचं काम करतं, रोख कुणी घेत नाही. रोज रात्री रिसेप्शनवर जाऊन बिल बघून या, हे काम बाबांना आवडेल. फोटो काढणारे मागे लागतात. काढू द्या, विकत घ्यायलाच हवेत असं नाही. एक मात्र घ्या, दोघांचा, हसतानाचा. आणि आई, न्हाणीघराचा उंबरठा उंच असतो, रात्री दिवा लावल्याशिवाय जायचं नाही.

तुळशीला पाणी घालायला वरच्या काकू तयार आहेत, मी त्यांना आधीच विचारलंय. हो, तुम्हाला सांगायच्या आधी.

लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, तो कंपनी काढून देणार आहे. त्यासाठी दोघांच्या आधारकार्डाचे आणि पासपोर्ट साइझचे फोटो बुधवारपर्यंत पाठवा. धरमपेठेतल्या त्या स्टुडिओतच काढा, पांढरा पडदा, चष्मा काढून. बाबा, दाढी करून जा.

तुमची,
चिमी