कानस कुणी मारली?

प्रिय सुध्या,

इतके दिवस गप्प राहिलो त्याचा राग भेटल्यावर काढ. गुडघा तसाच आहे, बीपी गोळीवर बरं आहे. आता मुद्द्याचं.

शेजारचे म्हातारबाबा गेले हे कळवलं होतं. त्यांच्या भिंतीवरचं रिव्हॉल्व्हर आठवतं ना? ते हातात धरून मिशीला पीळ देत तू फोटो काढून घेतला होतास आणि वहिनी म्हणाल्या होत्या, ‘आधी घरातलं झुरळ मारून दाखवा.’ पणजोबांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात, गेटिसबर्गच्या लढाईत वापरलेलं कोल्ट नेव्ही, अशी त्या घराची पक्की समजूत. आता मुलगा ते लिलावात काढतोय. म्हातारबाबांच्या बाईंनी ते माझ्याकडे आणून दिलं, म्हणाल्या, तू मशिनवाला माणूस, जरा बघून सांग.

हातात घेताक्षणी खटकलं. १८५१ चं अस्सल कोल्ट नेव्ही ३६ कॅलिबरचं (म्हणजे नळीच्या भोकाचं माप), फ्रेम लोखंडी. हे ४४ चं, फ्रेम पितळी. दक्षिणेकडच्यांनी युद्धात जॉर्जियामध्ये पितळी फ्रेमची नक्कल केली होती, पण तीही ३६ चीच. मग नळीखालचा, गोळी ठासायचा लोडिंग लिव्हर खाली ओढला. एरवी झाकून राहणाऱ्या जागी, नळीच्या पोटाला, शंकरपाळीच्या आकारात तीन अक्षरं: एफएपी. म्हणजे पिएत्ता बंधू, इटलीतल्या ब्रेश्याकडचे, जुन्या हत्यारांच्या नकला बनवणारे. शेजारी बारक्या चौकटीत एबी. इटलीत गार्दोनेच्या सरकारी चाचणीघरात प्रत्येक हत्यारावर वर्षाचा ठसा मारतात. १९७४ पर्यंत रोमन आकडे, १९७५ ला एए, १९७६ ला एबी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची दोनशे वर्षं साजरी होत होती ते साल. गेटिसबर्ग १८६३ चं!

एवढंच असतं तर तुला पत्र लिहिलं नसतं. नक्कल घेणं हा काही गुन्हा नाही. पण अशा नकलांच्या नळीच्या बाजूला ‘फक्त काळी दारू’ (जुन्या तऱ्हेची बंदुकीची दारू) अशी इंग्रजी ओळ असते, तिथे धातू किंचित खोल गेलाय. फ्रेमवर काळ्या दारूच्या चाचणीचा ठसा असतो, चांदणीखाली पीएन. त्यातली चांदणी तेवढी उरलीय. कुणीतरी कानस मारून, वर गंज चढवून हे जुनं केलंय. लिव्हरखाली बघायचं त्याला सुचलं नाही.

कुणी? विकणाऱ्याने म्हातारबाबांना फसवलं, की त्यांनीच? अंगणातल्या शेडमध्ये त्यांचा व्हाइस होता, कानशी ओळीने टांगलेल्या असायच्या. माझ्या पोराला ते त्या पणजोबांच्या गोष्टी सांगायचे रे! झोप लागत नाही मला.

तुझा आवाज इथे बसून ऐकू येतोय: ‘सांगून टाक.’ आमच्या आत्याची पेशवाई तलवार तू सगळ्यांसमोर गाडीच्या कमानपट्ट्यातून बनवलेली ठरवलीस, तेव्हा वर्षभर बोललो नव्हतो आपण. तलवारीबद्दल तू बरोबर होतास. पण पंगत उठेपर्यंत थांबता आलं असतं, हे मी आजही म्हणेन. आत्या त्या दिवशी जेवली नाही.

ते इटलीचं आहे हे मी बाईंना सांगणारच. अस्सल म्हणून कुणाच्या गळ्यात पडलं तर तो सरळ गुन्हा आहे. प्रश्न कानशीचा आहे. ते सांगायचं तर कुणाच्या नावावर?

म्हणून फोटो पाठवतोय, जवळून काढलेले. इतकी वर्षं पोरांना कानस धरायला शिकवलीस, तू ओरखडे वाचतोस. सराईत हात आहे की घरगुती? म्हातारबाबा डावखुरे होते. ओरखड्यांचा कल कुठून कुठे जातो, तेवढं नीट बघ. उजव्या हाताचं काम निघालं तर मी बाईंना सगळं सांगू शकेन.

नव्या सीएनसीचं कळलं, जोरात चालू दे. चिनूचं लग्न ठरलं की आधी मला फोन. काकूंच्या मोतीबिंदूचं झालं का? वहिनींना नमस्कार.

उत्तर लवकर दे. मुलगा पुढच्या आठवड्यात लिलाववाल्यांकडे जातोय.

तुझा,
अव्या