शेपटी कोणी पाहिली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘अँड्र्यूसार्कस’ या लुप्त प्राण्यावरचा लेख वाचला. असे विषय छापता याबद्दल आभारच. तक्रार आहे ती चित्राबद्दल. झुपकेदार शेपटी, अणकुचीदार नख्या, अंगभर करडे केस, म्हणजे थेट महाकाय लांडगाच! आणि खाली ठसठशीत ओळ: ‘जमिनीवर वावरलेला सर्वांत मोठा मांसभक्षक सस्तन प्राणी’. यातली शेपटी कोणी पाहिली? नख्या कुठे सापडल्या?

या प्राण्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, ते जवळजवळ सगळे एका कवटीवरून. तिलाही खालचा जबडा नाही. १९२३ साली अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मोहिमेत कान चुएन पाओ यांना ती इनर मंगोलियात इर्दिन मान्हा येथे सापडली. (प्राण्याला नाव मात्र मोहिमेचे प्रमुख रॉय चॅपमन अँड्र्यूज यांचे मिळाले. सापडवणाऱ्याचा उल्लेख तुमच्या लेखातही नाही.) कवटी सुमारे ८३ सेंटिमीटर लांब आणि ५६ सेंटिमीटर रुंद. एवढे मोठे डोके पाहून कोणीही हबकेल, यात नवल नाही.

या संग्रहालयाचे तेव्हाचे अध्यक्ष, जीवाश्मतज्ज्ञ हेन्री फेअरफील्ड ऑस्बोर्न यांनी १९२४ मध्ये प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा तो मेसोनिक्स या लांडग्यासारख्या दिसणाऱ्या लुप्त मांसभक्षकाचा नातेवाईक मानला जात होता. मेसोनिक्सच्या डोक्याचे आणि धडाचे जे प्रमाण, तेच इथे लावून त्यांनी शरीराची लांबी ३.८२ मीटर काढली. लेखातला ‘जवळपास चार मीटर’ हा आकडा तिथूनच आलेला दिसतो. पण ते नातेच आता बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. २००९ च्या विश्लेषणात हा प्राणी एंटेलोडॉन (डुकरासारखे दिसणारे लुप्त प्राणी), पाणघोडे आणि देवमासे यांच्या गोतावळ्यात जाऊन बसला. गंमत अशी, की खुद्द मोहिमेच्या तळावर तिथले जीवाश्मतज्ज्ञ वॉल्टर ग्रेंजर यांना ही कवटी एंटेलोडॉनचीच वाटली होती. कवटीचे रेखाचित्र न्यूयॉर्कला गेले आणि तिथे संग्रहालयाचे जीवाश्मतज्ज्ञ डब्ल्यू. डी. मॅथ्यू यांनी ते मत बदलून ती मेसोनिक्सच्या गोतावळ्यातली ठरवली.

यामुळे मापेही डळमळतात. एंटेलोडॉनचे डोके धडाच्या मानाने फारच मोठे असे. ते प्रमाण लावले तर शरीर ऑस्बोर्न म्हणतात त्याहून बरेच आखूड निघेल, मग ‘सर्वांत मोठा’ हा किताब कशाच्या जोरावर द्यायचा? निव्वळ मांसभक्षक म्हणणेही धाडसाचेच. मागचे दात चिरडण्याच्या कामाचे आहेत, आणि तो मिश्राहारी असावा असे ऑस्बोर्न यांनाही वाटत होते.

चित्रकाराने कल्पना लढवू नये असे माझे म्हणणे नाही. पण चित्राखाली ‘फक्त कवटी उपलब्ध, बाकी शरीर अंदाजाने’ एवढी ओळ सहज बसली असती. कवटी न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात आहे. पुढच्या पुरवणीत तिचे छायाचित्र खुलाशासह छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक