कांजूरचं घर आणि ३१ मार्च

विलेपार्ले (पूर्व), मुंबई
१६ नोव्हेंबर २०२५

चि. निनाद,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊबीजेला आपला विषय अर्ध्यावर राहिला. "आई, सणाच्या दिवशी तरी इन्कम टॅक्स नको," म्हणून तू ताटावरून उठलास आणि गौरी बिचारी बासुंदीची वाटी हातात धरून बसून राहिली. फोनवर तू कायम घाईत असतोस. म्हणून हे पत्र. तुझं वाचून झालं की गौरीलाही दे, कागदांच्या बाबतीत ती तुझ्यापेक्षा नीट आहे.

जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. सईच्या शाळेचं, तुझ्या कामाचं, सगळं मला पटलेलं आहे. मला बोलायचंय ते फक्त कांजूरच्या घराबद्दल. तुझा बेत असा की १० जानेवारीला निघायचं, कॅलगरीत बस्तान बसवायचं आणि जूनमध्ये पंधरा दिवस येऊन घर सावकाश विकायचं, तोपर्यंत भावही चढेल. माझं म्हणणं एवढंच, की विकायचंच असेल तर ३१ मार्चच्या आत. जमलं तर निघायच्या आधीच.

प्राप्तिकर खातं घर विकल्याच्या दिवशी तू कुठे होतास ते बघत नाही, आख्खं आर्थिक वर्ष बघतं. १ एप्रिलपासून १८२ दिवस इथे राहिलास की त्या वर्षापुरता तू निवासी. तुझे ते दिवस सप्टेंबरअखेरच भरलेत. म्हणजे जानेवारीत विमानात बसलास तरी ३१ मार्चपर्यंतच्या व्यवहारात तू निवासी विक्रेताच. पुढच्या वर्षात मात्र तुझे इथले दिवस जेमतेम पंधरा. जूनमध्ये जी सही करशील ती अनिवासी म्हणून.

आता फरक बघ. २०१३ च्या दिवाळीत तू ते घर घेतलंस, स्टॅम्प ड्युटी धरून ८० लाखांना. आता गिऱ्हाईक १ कोटी ६० लाख म्हणतंय. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने घरांवरचं इंडेक्सेशन, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं, काढलं आणि सरसकट १२.५ टक्के कर केला. मग ओरड झाली, तेव्हा त्या तारखेआधी घेतलेल्या घरांना एक सवलत ठेवली: महागाई निर्देशांक लावून जुन्या २० टक्क्यांनी कर कमी येत असेल तर तेवढाच भरा. ही सवलत निवासी माणसाला आहे, अनिवासीला नाही. तू घेतलंस त्या वर्षाचा निर्देशांक २२०, यंदाचा ३७६. ८० लाखांचे झाले साधारण १ कोटी ३६ लाख ७३ हजार. नफा उरला सव्वातेवीस लाखांच्या आसपास, त्यावर २० टक्क्यांनी ४ लाख ६५ हजार. तेच जूनमध्ये विकलंस तर नफा सरळ ८० लाख धरणार आणि कर १० लाख. अधिभार-उपकर वेगळे. पाच लाखांच्या वरचा फरक आहे निनाद, आणि तो फक्त तारखेचा. एप्रिलनंतर भाव तेवढा चढेल असं तुला कोण लिहून देणार आहे?

पण मला खरी धास्ती आहे ती टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच घेणारा जो कर कापतो त्याची. विक्रेता निवासी असला की घेणारा १ टक्का कापतो, म्हणजे तुझे १ लाख ६० हजार. विक्रेता अनिवासी असला की कपात १२.५ टक्क्यांनी, वर अधिभार आणि उपकर. कायद्याने ती नफ्यावर हवी, पण नफा किती हे घेणारा कसं ठरवणार? उद्या खात्याने विचारलं तर आपल्या गळ्याशी नको, म्हणून तो पूर्ण किमतीवर कापून मोकळा होतो. १ कोटी ६० लाखांवर ते नुसते २० लाख झाले. कमी कपातीचा दाखला खात्याकडे अर्ज करून आधी काढता येतो, पण त्यात आठवडे जातात, तुझ्या पंधरा दिवसांत ते बसणार नाही. मग रिटर्न भरायचं आणि रिफंडची वाट बघत राहायचं.

फोर्टच्या शाखेत मी एनआरआय डेस्कला होते तेव्हा दादरचे एक गृहस्थ यायचे. मुलगा परदेशी गेल्यावर त्याचा फ्लॅट विकलेला. घेणाऱ्याने कर पूर्ण रकमेवर कापला आणि भरताना पॅन चुकवला, त्यामुळे ते पैसे मुलाच्या नावावर दिसेनात. मुलगा तिकडून फोन करायचा आणि हे इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल छातीशी धरून खेपा घालायचे. एकदा बँकेकडे, एकदा सीएकडे, एकदा त्या घेणाऱ्याच्या दारात. आमच्या हातात काहीच नव्हतं. मी त्यांना चहा द्यायचे. अँजिओप्लास्टी झाल्यापासून तुझे बाबा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबतात, मोबाइल बघायचं निमित्त करतात. तुझ्यासाठी ते कुठेही जातील, नको म्हटलं तरी जातील. म्हणून सारखं म्हणतेय, मार्चच्या आत.

आणि एजंट त्या दिवशी कॅशचं बोलत होता ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. पंधरा लाख रोख घ्या, बाकीचा व्हाइट करा म्हणे. अजिबात नाही. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेतलेली सापडली तर घेतली तेवढाच दंड. शिवाय करारात किंमत कमी दाखवलीस आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दराचा, आकडा तिच्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाला, तर कर रेडी रेकनरच्याच आकड्यावर लागतो. तिकडे जाऊन बँकेला काय सांगणार, हे पैसे कुठून आले? आयुष्यभर आम्ही दोघांनी कधी पिशवीतले पैसे हाताळले नाहीत. तूही हाताळू नकोस. एवढं एक माझं ऐकच.

बघ, पुन्हा भाषण सुरू झालं. रागावू नकोस. तुला कळत नाही असं मला वाटत नाही. इंजिनिअरिंगला असताना तू माझं रिटर्न भरून द्यायचास आणि त्यातला माझा आकडा चुकलाय असं अलगद सांगायचास, ते मी ऑफिसात किती जणींना सांगितलं असेल.

कांजूरच्या रजिस्ट्रेशनचा दिवस मला फार आठवतो हल्ली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बसायला जागा नव्हती, पंखा होता तो फिरत नव्हता. आत बोलावल्यावर क्लार्कने सवयीने कागद बाबांपुढे सरकवले. बाबा म्हणाले, "माझं नाही, ह्याचं घर आहे." त्यांचा आवाज तेव्हा जरा वेगळाच लागला होता. गिरगावातल्या नानांच्या पागडीच्या खोलीत नऊ माणसं झोपायची, त्या घरातला मुलगा तो. तू अंगठा दिलास, फोटो काढलास, आणि बाहेर आल्यावर आधी म्हणालास काय, तर "भूक लागली." स्टेशनबाहेर आपण वडापाव खाल्ला. आजीने दिलेलं ते नाणं देवघरात आहे अजून. घर विकलं तरी ते विकलेलं नाही, हे सईला सांग.

असो. क्रमाने सांगते. कर्जाचे जे काही लाख उरलेत ते याच महिन्यात फेड. मूळ कागद बँकेने ३० दिवसांत परत द्यायला हवेत, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे, उशिराला दिवसाला ५ हजार भरपाई. पण आपल्याला भरपाई नको, कागद हवेत. सोसायटीची एनओसी आणि शेअर सर्टिफिकेट बघून ठेव. ट्रान्सफर प्रीमियम म्हणून सेक्रेटरी काहीही मागेल, २५ हजारांच्या वर देऊ नकोस. आणि काही कारणाने व्यवहार फेब्रुवारीत गेलाच, तर बाबांच्या नव्हे, प्राचीच्या नावाने कुलमुखत्यारपत्र इथे असतानाच रजिस्टर करून जा. घेणाऱ्याला मात्र लेखी दे की या आर्थिक वर्षात तू निवासीच आहेस. तिकडचा पत्ता बघितला की लोक घाबरतात आणि अनिवासी समजून कापतात.

पैशांचं मात्र उलटं आहे. कराला तू मार्चअखेरपर्यंत निवासी, पण परकीय चलनाच्या फेमा कायद्याला तू नोकरीसाठी निघालास त्या दिवसापासून अनिवासी. बँकेला लगेच कळवायचं आणि बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथलं रुपयांतलं खातं, करून घ्यायचं. जुनं खातं तसंच वापरत राहणारी कितीतरी शहाणी मुलं मी पाहिलीत. घराचे पैसे एनआरओत ठेव आणि तिकडे स्थिर झाल्यावर तिथूनच ने. वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, त्यासाठी खात्याचा फॉर्म आणि सीएचं प्रमाणपत्र लागतं. इथून निघायच्या आधीच सगळं पाठवायला गेलास, तर १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून ठेवेल. तो नंतर वळता होतो, पण ऐन घर लावायच्या वेळी पैसा अडकतो. म्हणून सुरुवातीच्या खर्चापुरतंच आधी ने. एनआरओतल्या व्याजावर ३० टक्के कापतात, वर उपकर. कॅनडाच्या कर-निवासाचा दाखला दिलास तर १५ टक्क्यांवर येतं.

तिकडे पोचलास की कॅनडा तुझं जगभरातलं उत्पन्न मोजणार. पीपीएफचं व्याज इथे करमुक्त, तिथे नाही. खातं मुदतीपर्यंत चालू ठेव, पुढे वाढवता येणार नाही. घराची किंमत ते तू पोचलास त्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात, आधीची वाढ त्यांच्या हिशेबात येत नाही. पण तो भाव दाखवायला व्हॅल्युअरचा रिपोर्ट काढावा लागेल. आधी विकलंस की तेही नको. १० हजार कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त जवळ असतील तर विमानतळावर सांगायचं. सांगितलं तर कर नाही, लपवलं तर जप्ती-दंड. गौरीने विचारलं होतं, कॅलगरीत घर घेऊन इथला कर वाचेल का. नाही वाचत, नवं घर भारतातलंच लागतं. आणि विजूमावशीचा तो मेसेज डोक्यातून काढा. देश सोडताना प्रत्येकाला कर भरल्याचा दाखला लागत नाही. खात्याने ऑगस्ट २०२४ मध्येच स्पष्ट केलंय, गंभीर आर्थिक गैरव्यवहारात अडकलेल्याला किंवा स्थगिती नसताना १० लाखांहून जास्त थेट कर थकवलेल्यालाच तो लागतो.

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. घर भाड्याने दिलं तर काय, याचाही हिशेब मी गेल्या महिन्यात मांडून बघितला. भाडेकरूने ३० टक्के कापायचे, सोसायटीचा मेंटेनन्स, दर ११ महिन्यांनी नवा करार, पोलिसांकडे नोंद, रंगकाम. आकड्यात ते बसत नाही. दोनदा मांडलं, मुद्दाम भाडं जास्त धरून मांडलं, तरी बसलं नाही. का मांडलं ते विचारू नकोस. कांजूर नसलं तरी पार्ल्याचं घर आहेच, आणि तुझ्या खोलीतलं कपाट मी रिकामं केलेलं नाही.

सईला तिकडे थंडी सोसेल का रे? तिला लगेच सर्दी होते. बाबा रोज पेपरात आधी कॅलगरीचं तापमान शोधतात, ते त्यात छापून येत नाही, मग प्राचीला फोन करून विचारतात. तुला सांगू नको म्हणाले होते.

गिऱ्हाईकाशी या आठवड्यात बोल. टोकन घे, ते चेकने किंवा खात्यात. करार डिसेंबरात रजिस्टर झाला तर जानेवारीत तू मोकळ्या मनाने निघशील आणि मीही मोकळ्या मनाने विमानतळावर येईन. नाहीतर मी तिथेही हेच बोलत बसेन.

तुझी,
आई

ता. क. आपल्या सीएंना मी मंगळवारी संध्याकाळी सहाची वेळ मागितली आहे. २०१३ चा करार, इंडेक्स टूची प्रत, स्टॅम्प ड्युटीची पावती आणि किचनचं काम केलंस त्याची बिलं आण. ती बिलं खर्चात धरता येतात. नसतील सापडत तर गौरीला विचार, लॉफ्टवरच्या निळ्या बॅगेत तिने ठेवलेली मला आठवतात. आणि जेवायलाच ये, भरली वांगी करणार आहे.