जनरेटर पडवीत ठेवायचा नाही

पुणे

ती. नाना व ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर नाना नुसतं ‘हो हो’ म्हणतात आणि आईकडे देतात. आई विचारते, जेवलीस का? म्हणून लिहायला घेतलं. वाचून झालं की पत्र कॅलेंडरमागच्या खिळ्याला अडकवून ठेवा. विजेच्या बिलांच्या पिशवीत टाकू नका, तिथे गेलेला कागद पुन्हा दिसत नाही.

तर, जनरेटर घेतला आहे. डिझेलचा, ५ केव्हीएचा. पैसे भरून झालेत, त्यामुळे ‘कशाला एवढा खर्च’ हा विषय राहिलेला नाही. गुरुवारी टेम्पो येईल.

नाना म्हणतील, इन्व्हर्टर आहे की. आहे, आणि तो राहणारच आहे. पण आईचं ऑक्सिजनचं मशीन साधारण ३५० वॅट खातं. एका बॅटरीवर ते दोन-अडीच तास चालेल, तेही बॅटरी नवी असेपर्यंत. वळवाचा पाऊस गिरणारे गावाकडून आला आणि तारेवर झाड पडलं की लाईट दुसऱ्या दिवशी सकाळी येते, हे तुम्हीच मला दरवर्षी सांगता. त्या रात्री मी इकडे फोन उशाशी घेऊन पडलेली असते. फोन लागत नाही, कारण टॉवरचीही बॅटरी संपलेली असते.

पुण्याला या, असं मी आता म्हणणार नाही. खरंच नाही म्हणणार. नानांचा जीव द्राक्षबागेत आहे, आणि तिसऱ्या मजल्यावर दिवसभर दार लावून बसून आईने कुणाशी बोलायचं, याचं उत्तर माझ्याकडेही नाही. तुम्ही मळ्यातच राहणार असाल तर मळ्यात सोय करणं एवढंच माझ्या हातात होतं, ते केलं. पेट्रोलचा हलका मिळत होता. पण पेट्रोलची वाफ साध्या हवेतही पेट घेते आणि त्याचे डबे घरात नकोत. डिझेल त्या मानाने शांत, ट्रॅक्टरसाठी आपल्याकडे असतंच, आणि तेवढ्याच कामाला लागतंही कमी. शिवाय डिझेल इंजिन नानांना कुणी शिकवायची गरज नाही. विहिरीवरचं जुनं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस तो. रात्रीच्या पाळीला तुम्ही पाणी भरायला गेलात की त्या इंजिनाच्या ठोक्यांवर मी झोपायचे, आणि ते बंद पडलं की जागी व्हायचे. तुमच्या सदऱ्याला डिझेलचा वास यायचा. आई तो सदरा वेगळा धुवायची आणि धुताना बडबडायची.

पण नाना, ते इंजिन विहिरीवर होतं, उघड्यावर. हे घराजवळ येतंय, म्हणून काही गोष्टी वेगळ्या.

पहिली आणि सगळ्यात मोठी: जनरेटर पडवीत ठेवायचा नाही. मला माहीत आहे, तुमच्या डोक्यात पडवीच आहे. पाऊस लागत नाही, चोरी होत नाही, कुलूप लावता येतं. पडवीला दोन बाजूंनी भिंत आहे आणि आईच्या खोलीची खिडकी तिथेच उघडते. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. जो वास येतो तो बाकीच्या धुराचा, आणि वास कमी आला म्हणजे हा वायू कमी असं नसतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. एकदा धरला की ऑक्सिजनला जागाच उरत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, झोप येते. झोपेतच माणूस जातो. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, पंखा लावला, तरी भागत नाही.

आणि आता नीट वाचा, कारण हे आईसाठी आहे. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या बाबतीत फसवतं. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेल्या रक्तासारखंच दिसतं, त्यामुळे विषबाधा होत असतानाही ते ९६-९७ दाखवू शकतं. तुम्ही दोघं त्या आकड्यावर फार विसंबता. जनरेटर चालू असताना दोघांपैकी कुणाचंही डोकं दुखायला लागलं तर आकडा बघत बसायचं नाही. आधी अंगणात, मोकळ्या हवेत यायचं, आईला हाताला धरून आणायचं. मग काकांना हाक, मग १०८ ला फोन. जनरेटर बंद करायला धुरात परत जायचं नाही. आईच्या खोलीत आणि पुढच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म लावायला मी पाठवतेय. तो वाजला तर ‘उगाच वाजतोय’ म्हणून बॅटरी काढू नका. दूध उतू गेलं म्हणून धुराच्या अलार्मची बॅटरी कुणी काढली होती, ते इथे लिहीत नाही.

मग ठेवायचा कुठे? चिकूच्या पलीकडे, जुन्या ओट्यावर. घरापासून निदान २० फूट लांब हवा, तो ओटा त्याहून लांब आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो आणि ओटा घराच्या पूर्वेला आहे, म्हणजे धूर बागेकडे जाईल. वळवाचा वारा मात्र कुठूनही फिरतो, म्हणून खरा भरवसा अंतराचाच. सायलेन्सरचं तोंड घराकडे नको. वर चार खांबांवर पत्रा टाकायला सांगितलाय. चारही बाजू उघड्या राहतील, कुणी ‘जाळी-ताडपत्री लावून देतो’ म्हटलं तर नको म्हणा. ताडपत्री इंजिन थंड झाल्यावरच झाकायची. चोरीची काळजी रास्त आहे, म्हणून ओट्यात लोखंडी कडी गाडून साखळी. पोर्टेबल म्हणजे त्याला चाकं आहेत एवढंच. वजन १०० किलोच्या वर आहे, ते ढकलत घराजवळ आणायचा मोह धरू नका.

दुसरी गोष्ट वायरची. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायची आणि मेन स्विच पाडायचा, हे बरेच जण करतात. आपल्या घरात ते होणार नाही. मेन पाडायचा राहिला, तर आपल्या जनरेटरचे २३० व्होल्ट उलटे डीपीत, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जातात आणि डीपी त्यांचे ११,००० करून तारेवर टाकते. वर खांबावर चढलेला वायरमन लाईन बंद आहे असं समजून तारेला हात लावतो. तो कुणाचा तरी पोरगा असतो, नाना, बहुतेक आपल्याच गावचा. शिवाय त्या वायरची उघडी पिन हातात असली की तिच्यात करंट असतो. म्हणून चेंजओव्हर स्विच बसवतेय, फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा. एका बाजूला लाईट, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकदम चालू होऊच शकत नाहीत. काम लायसनवाला वायरमनच करेल. सिंहस्थाच्या कामांमुळे नाशकात चांगला माणूस मिळणं अवघड झालंय, तरी शोधलाय. चुलतभाऊ ‘मी करतो की’ म्हणेल, त्याला गोड बोलून चहा द्या.

अर्थिंगचा वेगळा खड्डा होईल, कोळसा-मीठ घालून. आई, तू तुळशीला पाणी घालतेस तेव्हा उन्हाळ्यात एक बादली तिथेही ओत, जमीन कोरडी पडली की अर्थिंग नीट काम करत नाही. आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसेल, म्हणजे करंट गळला की लाईट आपोआप तोडणारा स्विच. ती अधूनमधून पडली तर तिच्यावर चिडायचं नाही, कुठे गळती आहे ते बघायचं.

आता चालवायचं कसं. लाईट गेली की लगेच धावायचं नाही. आधी इन्व्हर्टर सांभाळेल. तासाभरात लाईट नाही आली तर जनरेटर. आईच्या पलंगाशी छोटा सिलिंडर भरून ठेवलेला असेल, म्हणजे पावसात, अंधारात, ओल्या पायांनी घाई करायची वेळ येणार नाही. ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत मेणबत्ती, कंदील, समई काहीही नको. टॉर्च. आई, देवाला दिवा तू बाहेरच्या खोलीत लाव, देव रागवत नाही.

आधी डिपस्टिक काढून ऑइल बघायचं, डिझेल बघायचं. घराकडचा चेंजओव्हर मध्ये ठेवून इंजिन चालू करायचं. बटण आहे, सेल्फ आहे. बटणाने नाही लागलं तर दोरी ओढायला काकांच्या पोरांना बोलवायचं. तुमच्या मनगटाचा विषय मी काढत नाही, पण दोरीला हात लावायचा नाही एवढं ऐका. दोन-तीन मिनिटं रिकामं चालू द्या, मग लोड द्या. बंद करतानाही आधी लोड काढा, पाच मिनिटं रिकामं चालवून थंड होऊ द्या, मग बंद.

५ केव्हीए म्हणजे हाताशी साधारण ४ किलोवॅट. ऑक्सिजनचं मशीन, फ्रिज, दोन पंखे, दिवे, टीव्ही, सगळं मजेत चालेल. ‘मग ३ चा का नाही घेतला?’ कारण फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढतो आणि तेवढ्या धक्क्याने आईचं मशीन अडखळायला नको. विहिरीची ५ एचपीची मोटर मात्र यावर चालणार नाही. ती थ्री फेज आहे, जनरेटर सिंगल फेज. बाग सुकत असली तरी नाही. गिझर आणि इस्त्री एकदम नको.

उलट, फार कमी लोडवर तासन्‌तास चालवलं तर डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमध्ये काळं ओलं चिकट साचतं, हे तुम्ही जुन्या इंजिनात पाहिलेलं आहे. म्हणून रात्रभर चाललं तर सकाळी अर्धा तास गिझर लावा, आईच्या अंघोळीचं पाणीही तापेल. महिन्यातून एकदा लाईट असतानाही असंच गिझरवर अर्धा तास चालवायचं. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन.

डिझेल भरताना इंजिन बंद आणि थंड. पंधरा-वीस मिनिटं थांबा, तोवर इन्व्हर्टर आहे. तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेलं डिझेल पेट घेतं. टाकी काठोकाठ भरायची नाही. नाना, तंबाखू चालेल (चालत नाही, पण तो वेगळा विषय), बिडी मात्र त्या ओट्याच्या आसपास नाही. डिझेल पाण्याच्या बाटल्यांमध्ये नको, लोखंडी कॅनमध्ये, घरापासून आणि जनरेटरपासूनही लांब. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. इंजिनाने एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, तर ती काढायला नाना रात्री दोन वाजता पाना घेऊन बसतील, हे मला लख्ख दिसतंय. चार किलोचं पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर स्वयंपाकघराच्या बाहेर लावू. डिझेलच्या आगीवर पाणी ओतायचं नाही, ते पेटतं डिझेल पसरवतं. वाळूची बादली ओट्याजवळ राहू द्या.

एअर फिल्टर बागेमुळे लवकर चोंदणार. गंधकाची धुरळणी असेल त्या दिवशी जनरेटर झाकलेला पाहिजे. ऑइल आणि फिल्टर किती तासांनी बदलायचे ते मॅन्युअलमध्ये आहे. पहिलं ऑइल लवकर बदलायचं असतं, नव्या इंजिनाचा लोखंडाचा कीस त्यात उतरतो. मशीनला तासांचं मीटर आहे. त्याचे आकडे फवारणीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. तुमच्याइतकी नीट वही पंचक्रोशीत कुणाची नाही, द्राक्षं एक्स्पोर्टला घेणारेसुद्धा म्हणतात.

नाना, एक सांगते, राग मानू नका. रोजचं चालवणं तुमच्याकडेच आहे. तुमच्याशिवाय ते कुणाला जमणारही नाही. फक्त रात्री, पावसात, एकट्याने नाही. काकांचा धाकटा पलीकडेच झोपतो, त्याला उठवा. त्याला शिकवा, मी त्याच्याशी बोललेय, तो खूश आहे. तुमच्या हाताखाली शिकायला मिळतंय म्हणाला.

आवाज होईल. आवाजाचा डबा लावलेला मॉडेल घेतलाय, तरी होईल. आईला झोप लागली नाही तर पश्चिमेच्या खोलीत पलंग हलवा, तिथे नव्या गादीवर मी मागच्या वेळी झोपले होते, छान आहे. आणि तिथे मशीनसाठी वेगळा पॉइंट काढून घ्या, वायरमन आलेलाच आहे.

गुरुवारी टेम्पोतून उतरवताना नानांनी हात लावायचा नाही. काकांची दोन्ही पोरं येतील. टेम्पोवाल्याचे, वायरमनचे, पत्र्याचे सगळ्यांचे पैसे मी दिलेत, पुन्हा देऊ नका. नाना मागच्या दाराने देतात ते मला कळतं. वायरमन दुपारपर्यंत असेल, त्याला जेवायला घाला. चेंजओव्हर बसला की त्याला तुमच्या दोघांसमोर तीनदा चालवून दाखवायला सांगा, आणि तिसऱ्या वेळी आईने चालवायचा.

तुमची,
ताई