‘उंच केले जाणे’ म्हणजे काय?

संपादक महोदय,

वधस्तंभ म्हणजे हार आणि पुनरुत्थान म्हणजे विजय, अशी सरळ वाटणी ख्रिस्तावरच्या बहुतेक लेखांत दिसते. बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक असलेल्या योहानाच्या शुभवर्तमानाला ती मान्य नाही. तिथे येशू आपण ‘उंच केले’ जाणार असे तीन ठिकाणी बोलतो (3:14, 8:28, 12:32). मूळ ग्रीक क्रियापद ‘हुप्सोओ’ दुहेरी अर्थाचे आहे. वर उचलणे आणि थोरवी देणे, दोन्ही त्यात येतात. दाखला आहे इस्राएली लोकांचा नेता मोशे याने अरण्यात खांबावर लावलेल्या पितळी सापाचा (जुना करार, गणना 21). साप डसलेल्याने बघायचे ते सापाच्याच प्रतिमेकडे, आणि जगायचे! विलक्षणच उपमा.

आद्य ख्रिस्ती प्रेषित पौल फिलिप्पैकरांस पत्रात (2:8-9) पायऱ्या मांडतो: आधी वधस्तंभावरचे मरण, ‘त्यामुळे’ देवाने त्याला अत्युच्च केले. योहानाला तेवढे थांबायचे नाही; त्याच्या लेखी वधस्तंभावर चढवले जाणे हेच उंच केले जाणे. मला तरी त्याची धिटाई अधिक भावते. रोमी सुभेदार पिलाताने वधस्तंभावर लावलेली ‘यहूद्यांचा राजा’ ही पाटी योहानाकडे इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत आहे, जणू राज्याभिषेकाची दवंडीच. मुख्य याजकांनी मजकूर बदलायला सांगितला, तर पिलात म्हणाला, मी लिहिले ते लिहिले.

— एक वाचक